बकऱ्याचा मेंदू, बर्फ आणि कुसुम

मी जन्मापासून शाकाहारी. चातुर्मासात ज्या घरात कांदा-लसूणही येत नसे, अशा जळगावच्या घरातली. तरीही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी धुळ्याच्या मटण मार्केटात मला न ओळखणारा खाटीक शोधून सापडला नसता. एका हातात बर्फ भरलेला थर्मास, दुसऱ्या हाताने पदर सावरलेला, अशी मी सकाळी सकाळी तिथे हजर व्हायचे आणि रशीदभाई लांबूनच ओरडायचे, "आवो मॅडम, आपका भेजा तैयार है!"

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसायची. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे मीही हसायला लागले.

रशीदभाईंना बरेच दिवस वाटत होतं, की आमच्या घरी रोज भेजाच शिजतो. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "मॅडम, इतना भेजा खाके साहब में कुछ फरक पडा क्या?"

मी म्हटलं, "भाई, आम्ही खात नाही. मी कॉलेजात नेते. तो साखर कशी जाळतो ते बघते."

"कौन जाळतो?"

"हा मेंदू."

त्यांनी हातातला सुरा खाली ठेवला. "मरने के बाद भी?"

"हां. थोडी देर."

ते थर्मासकडे बघत राहिले. पण त्या दिवसापासून माझ्यासाठी ते घाई करायला लागले. बाकीची गिऱ्हाइकं थांबवून आधी माझा मेंदू काढून बर्फात ठेवायचे आणि म्हणायचे, "जाव मॅडम, जल्दी जाव."

देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे, एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवायचे. शिकवणं हे पोटाचं काम. मनाचं काम मेंदूचं होतं. पीएच.डी. करायची म्हणून एक विषय घेतला होता आणि त्या विषयानं मला पुरतं वेड लावलं होतं. विषयाचं नाव सांगितलं की माणसं कुठेतरी दुसरीकडेच बघायला लागत, म्हणून साध्या शब्दांत सांगते.

मेंदू म्हटला की सगळ्यांना चेतापेशी आठवतात. त्या विचार करतात, त्या हात हलवायला सांगतात, गाणं ऐकतात. पण त्यांच्याभोवती दाटीवाटीनं दुसऱ्याच पेशी बसलेल्या असतात. त्यांना ग्लायल पेशी म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ सरस, डिंक. ज्यांनी त्या पहिल्यांदा पाहिल्या त्यांना वाटलं, मेंदू सुटा होऊ नये म्हणून भरलेली ही खळ असणार. नाव तेच चिकटलं. खरं तर या पेशी रक्तातली साखर उचलतात, अर्धीमुर्धी जाळून चेतापेशींना खायला देतात, त्यांचा कचरा काढतात, त्यांच्या तंतूंवर वेष्टण गुंडाळतात. हे सगळं करतात ती एन्झाइमं. पाठ्यपुस्तकात आम्ही 'विकर' लिहायचो, बोलताना मात्र एन्झाइमच. ही पेशीतली कारागीर मंडळी. एक साखरेचा तुकडा पाडतं, दुसरं जोडतं, तिसरं पुढे सरकवतं. यातल्या ट्रान्सकीटोलेज नावाच्या एका कारागिराशी माझं विशेष जमलं होतं. त्याची गंमत अशी, की त्याला काम करायला बी-वन जीवनसत्त्व हाताशी लागतं. ते नसलं तर कारागीर जागेवर असतो, समोर साखरही असते, पण तो नुसता बसून राहतो.

ग्लायल पेशी वेगळ्या काढायला मोठ्या शहरांत मोठी यंत्रं होती. आमच्याकडे नव्हती. मग मी मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पांढरा पट्टा तेवढा कापून घ्यायचे. तिथं चेतापेशींची शरीरं नसतात. असतात ते त्यांचे लांब तंतू आणि त्या तंतूंना धरून बसलेल्या ग्लायल पेशी. तो पट्टा काचेच्या नळीत बर्फावर घोटायचा आणि कारागीर जिवंत आहेत तोवर त्यांचं काम मोजायचं. धुळ्याच्या उन्हाळ्यात बर्फ टिकवणं हेच खरं संशोधन होतं. आमचे प्रयोगशाळा परिचर भिकानाना बादलीत डोकावून जाहीर करायचे, "बाई, बठ्ठा बरफनं पाणी व्हई गयं." तिथं तो दिवस संपायचा.

त्या दुपारी मला अजून आठवतात. खिडकीला ओलं गोणपाट लावलेलं, बाहेर कोरड्या पांझरेची वाळू चकाकते आहे, वर्ग रिकामे, आणि रंग मोजायच्या यंत्राचा काटा अगदी हळूहळू सरकतो आहे. बोटं बर्फानं बधिर, डोकं उन्हानं जड. अशा वेळी वाटायचं, की हा मेंदू सकाळपर्यंत कुठल्या तरी माळावर बाभळीच्या शेंगा शोधत होता. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की आता शोधायचं कारण उरलेलं नाही. आत ग्लायल पेशी आपल्या साखर जाळताहेत, त्या शेंगांसाठी, त्या माळासाठी. मी कुणाच्या तरी झोपेत शिरून बसल्यासारखी तिथं बसलेली असायचे, आणि आवाज करू नये असं वाटायचं.

अशाच एका दुपारी डॉ. अमृतकर आले. धुळ्यात त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं. ते आणि माझे यजमान शाळासोबती, त्यामुळे ते मला वहिनी म्हणायचे. अधूनमधून येऊन स्टुलावर बसायचे, माझ्या प्रयोगाची चौकशी करायचे. त्या दिवशी मात्र बसले नाहीत. हातात बर्फाची पिशवी होती, तिच्यात रक्ताची नळी.

"वहिनी, तुम्ही ते बी-वनवालं एन्झाइम मोजता ना? माणसाच्या रक्तात मोजता येईल?"

"येईल. तांबड्या पेशींत असतं ते. कुणाचं आहे?"

मग त्यांनी कुसुमची हकीकत सांगितली. यावलकडची, केळीच्या बागा असलेल्या घरातली सून. लग्नाला थोडेच दिवस झालेले, पहिलं गर्भारपण. उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आठवड्यामागून आठवडे पोटात काही ठरेना. तिकडे कुठंतरी अशक्तपणासाठी ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. त्यानंतर ती अडखळायला लागली, मग उभं राहता येईना, मग डोळे एका जागी थिजले, आणि ती असंबद्ध बोलायला लागली. तिची मावशी देवपुरात राहायची, तिच्या ओळखीनं तिला डॉक्टरांकडे आणलं होतं.

"पोटात काही नाही, बी-वनचा साठा संपलेला," डॉक्टर म्हणाले, "आणि वरून नुसती साखर. जे काही उरलंसुरलं होतं तेही त्या साखरेपायी खर्ची पडलं. मला खात्री आहे. रक्त काढलं आणि लगेच बी-वनचं इंजेक्शन देऊनच आलोय. तुमच्या उत्तरासाठी मी थांबणार नाही."

"मग उत्तर कशाला हवंय?"

"ती वाचेल असं वाटतं. पण बोलणं इतक्यात ताळ्यावर येणार नाही. घरचे आत्ताच तिला वेडी म्हणायला लागलेत. उद्या मला त्यांना काहीतरी दाखवावं लागेल."

या मोजणीसाठी एक विशिष्ट साखर लागायची. तिची इवलीशी बाटली मी परदेशातून मागवली होती. ती यायलाच वर्ष गेलं होतं आणि माझ्या शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या मोजण्यांसाठी मी ती जपून ठेवली होती. ती मी बाहेर काढली. तुलनेला निरोगी रक्त हवं होतं. डॉक्टरांनी तिथंच माझं आणि भिकानानांचं रक्त घेतलं. भिकानानांनी तोंड फिरवून डोळे मिटून घेतले होते.

रीत अशी. रक्तात ती साखर घालायची, अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात ठेवायची आणि कारागिराला काम करू द्यायचं. मग उरलेल्या साखरेवर एक रसायन घालून उकळायचं. साखर उरली असेल तर गडद हिरवा रंग येतो. वापरली गेली असेल तर फिका. प्रत्येकाच्या रक्ताच्या दोन नळ्या, एकीत वरून बी-वनचं औषध घातलेलं, दुसरीत नाही. माझ्या आणि भिकानानांच्या दोन्ही नळ्या सारख्याच फिक्या आल्या. आमच्या कारागिरांना औषधाची गरजच नव्हती. कुसुमची औषध न घातलेली नळी दाट हिरवी झाली, भर पावसातल्या केळीच्या पानासारखी. आणि औषध घातलेली दुसरी नळी चक्क फिकी. यंत्रात घालायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं.

इतकी वर्षं मी हे एन्झाइम मोजत होते. पण त्या हिरव्या रंगाच्या मागे कुणीतरी माणूस पडून आहे, ही जाणीव मला नवी होती. मी ती नळी बराच वेळ उजेडात धरून उभी राहिले. उरलेलं रक्त फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. कुसुम उशीला टेकून बसली होती. वीस-एकवीसची, हाडांवर कातडी ओढलेली, पण चेहरा विलक्षण शांत. डोळे हलायला लागले होते. खिडकीतून चिमणी गेली तशी तिची नजर तिच्यामागे गेली, जरा थरथरत, पण गेली. डॉक्टर दारातून मला म्हणाले, "पाहिलंत?"

कुसुमनं मला पाहिलं आणि तोंडभरून हसली.

"आली का वं तू? किती वाट पाहू रायली मी."

मी गोंधळले. शेजारी तिचा नवरा प्रल्हाद उभा होता. उंच, लाजाळू, सतत हात मागे बांधलेला माणूस. तो घाईनं म्हणाला, "अवं, ह्या कॉलेजातल्या बाई हायेत. तुले भेटाले आल्या."

"मले काय सांगता? माही मैत्रीण हाये ती." तिनं माझा हात धरला. "आपुन तापीवर गेल्थो, याद हाये? तुही टोपली वाहून गेली. मंग आपुन दोघी पान्यात मांडीपावतर. केवढी हासली व्हती मी!"

मी तिला त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. पण ती इतकं बारीक सांगत होती, की टोपलीला बांधलेली लाल दोरी, पाण्यावर तरंगत गेलेली बोरं, काठावर ओरडणारी कुणी म्हातारी, हे सगळं मला दिसायला लागलं. घरी परतताना पांझरेच्या पुलावर रिक्षा थांबली, तेव्हा खाली पाण्याचा थेंब नसलेल्या पात्रात मी टोपली शोधते आहे असं माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी सांगितलं, की या आजारात आठवणी साठवायची जागा दुखावते. नवं काही राहत नाही. मग मन ती भोकं हाताला लागेल त्यानं बुजवतं. माणसाला कळतही नाही.

कुसुम रोज नवं काही सांगायची. तिला पलंगावरून उतरवायला दोघं लागत, आणि ती सांगायची, "आत्ताच बागेतून आली. केळीले पानी धरलं. घड असा वाकला हाये, की टेकू द्या लागीन." एकदा तिनं प्रल्हादला तिच्या मामेबहिणीच्या लग्नाचं सविस्तर वर्णन ऐकवलं. ते लग्न झालंच नव्हतं. मामेबहीण होती शाळेत. पहिले काही दिवस तो बिचारा दुरुस्त करायचा, "नही वं, असं नही झालं," आणि ती रडकुंडीला यायची. मग एके दुपारी मी आत शिरताना ऐकलं, तो तिला वरणाचा घास भरवत विचारत होता,

"मंग, जेवाले काय व्हतं लग्नात?"

"वांग्याची भाजी. अन् वरनबट्टी."

"बट्टी चांगली व्हती का?"

"कच्ची व्हती जराशी."

"मंग हा घास खाय. हे चांगलं शिजेल हाये."

तिनं खाल्लं. पोटात ठरलंही. औषधानं तिची सुधारणा होतच होती, पण मला राहून राहून वाटतं की त्या नसलेल्या लग्नातल्या जेवणावळीनंही तिला थोडं जेवू घातलं.

मग आबा आले. कुसुमचे सासरे. धोतर, पांढरी टोपी, ताठ कणा. वाईट माणूस मुळीच नव्हता. सुनेला घेऊन चार डॉक्टरांच्या दारात गेले होते. पण आता त्यांचा धीर सुटला होता. त्यांच्यासोबत कुसुमचा भाऊ होता आणि बाहेर जीप उभी होती. तिला माहेरी पोचवायचं ठरलं होतं. बरी झाली तर पुढचं पुढे. ते 'पुढचं पुढे' ज्या सुरात उच्चारलं गेलं, ते ऐकून मावशी पदर डोळ्यांना लावून बाहेर गेली.

डॉक्टरांनी माझ्या मोजणीचा कागद पुढे केला. आबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "कागद काय डाक्टरसाहेब, कोनीबी लिहिते. सून याडी हाये, का नही, तेवढं सांगा."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग हे बागेत गेली, लग्नाले गेली, असं खोटं काहून बोलते?"

"ती खोटं बोलत नाही, आबा. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. तिच्याजवळ ते नाहीच आहे."

त्यांना ते पटलं नाही. आणि का पटावं? मला एकाएकी सुचलं ते मी बोलून गेले. "तुम्ही माझ्याबरोबर कॉलेजात चला. तिचं आजारातलं रक्त माझ्याजवळ आहे. तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवते. मग जीप न्यायची असेल तर न्या."

बाटलीत ती साखर तेवढ्यापुरतीच उरली होती. हे मला बोलताना माहीत होतं. पण शब्द निघून गेले होते, आणि खरं सांगायचं तर मागे घ्यावेत असं वाटलंही नाही.

आबा आणि प्रल्हाद देवपुरात आले. भिकानानांनी त्यांना खुर्च्या दिल्या, माठातलं पाणी दिलं. या वेळी तुलनेला रक्त आबांचंच घ्यायचं ठरलं. आबांनी बाही वर केली आणि डॉक्टरांनी सोबत धाडलेल्या नर्सच्या सुईकडे एकटक बघत राहिले. नर्स रक्त काढून परत गेली. मग नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि वाट बघण्याखेरीज काही काम उरलं नाही. उन्हाची तिरीप गोणपाटातून ठिपके ठिपके होऊन जमिनीवर पडली होती. भिकानाना दाराशी बसून पेंगत होते. आबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते, त्यांचेही डोळे मिटू लागले होते. त्या ओल्या गोणपाटाच्या वासात आम्ही चौघं एकाच डुलकीत असल्यासारखे होतो.

शेवटी रसायन घालून मी नळ्या उकळायला ठेवल्या. आबा उठून जवळ आले. हळूहळू, आतून उगवल्यासारखा, कुसुमच्या एका नळीत हिरवा रंग चढायला लागला.

"हे काय?"

"न वापरलेली साखर. समोर होती, पण वापरता आली नाही."

"अन् ही फिकी?"

"हिच्यात मी औषध घातलं होतं. हिनं साखर वापरली."

"रक्त येगळं व्हतं का?"

"नाही. एकाच साठवलेल्या रक्तातलं, तुमच्यासमोरच दोन्हींत घातलं." मग मी त्यांच्या स्वतःच्या दोन नळ्या दाखवल्या. दोन्ही फिक्या.

त्यांनी चारी नळ्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. खिडकीशी नेऊन पाहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हंजे खोट नव्हती तिच्यात. तिले भेटलंच नही."

"तेवढंच."

"पोटातलं पोर कसं निपजीन?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. धीर द्यायचा मोह झाला. पण नळ्या समोर असताना खोटं बोलवेना. "ते मला माहीत नाही, आबा. डॉक्टर म्हणतात, ठोके नीट आहेत. त्यापुढचं कुणालाच सांगता येणार नाही. तिची आठवणही किती परत येईल ते सांगता येत नाही."

तेव्हा प्रल्हाद बोलला. इतक्या दिवसांत वडिलांसमोर मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"आबा, ती मले रोज वळखते," तो म्हणाला. "बाकीचं मी याद ठेवीन."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. टोपी डोक्यावर नीट बसवली, मला नमस्कार केला आणि जिना उतरताना म्हणाले, "जीप परत धाडा. डिझेल काहून जाळता?"

कुसुम आणखी काही आठवडे धुळ्यात राहिली. भिंत धरून चालायला लागली, मग प्रल्हादचा हात धरून. तिच्या गोष्टी हळूहळू विरळ झाल्या. एखाद्या दिवशी ती वाक्य अर्धवट सोडून थांबायची आणि त्याला विचारायची, "हे झालं व्हतं का?" तो हो किंवा नाही सांगायचा. ती मान डोलवायची. पुढे यावलला मुलगी झाल्याचा निरोप मावशीनं आणून दिला. वजनानं कमी, पण धडधाकट, आणि रडणं गल्लीभर ऐकू जाईल असं.

माझी बाटली संपली ती संपलीच. दुसरी मागवली, पण ती येईपर्यंत आमचं घोटणी यंत्र बिघडलं, मग विद्यापीठात माझे मार्गदर्शक निवृत्त झाले, मग माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. राहिली ती राहिली. माझ्या मागून आलेली मुलं नावापुढे डॉक्टर लावतात आणि मी त्यांना पेढे देते. कधी कधी वाईट वाटतं. माझ्या पांढऱ्या पट्ट्यातल्या कारागिरांविषयी मला जे दिसायला लागलं होतं, ते पुढे दूरच्या देशांतल्या लोकांनी रीतसर मांडलं. ते वाचताना आपल्याच गावचं नाव परक्या स्टेशनावर वाचल्यासारखं होतं.

मुलगी चालती-बोलती झाल्यावर एकदा कुसुम मावशीकडे आली होती. कॉलेजात मला भेटायला आली. अंगानं भरलेली, हातात हिरवा चुडा, पावलं जरा फाकवून टाकत होती एवढंच. मुलीनं तिचा पदर घट्ट धरला होता. प्रल्हाद खाली कट्ट्यावर बसून राहिला.

"ताई," ती म्हणाली. आता ती मला ताई म्हणत होती. "तुमी माही मैत्रीण नव्हत्या, हे मले आता समजते. पन तापीवरची ती टोपली काही डोक्यातून जात नही."

"माझ्याही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

मग ती जरा घुटमळली. "लोकं मले म्हंतात, तुह्या डोक्यात काहीतरी उपाशी राह्यलं व्हतं. ते कसं असते, पाहाले भेटीन का?"

आमच्याकडे त्या वर्षी नवे मायक्रोस्कोप आले होते. मी बकऱ्याच्या मेंदूची एक काचपट्टी लावली, ग्लायल पेशी निळ्या रंगवलेली, आणि तिला स्टुलावर बसवलं. हातानं एक डोळा झाकून दुसरा कसा लावायचा ते दाखवलं. आधी तिला काहीच दिसेना. मग ती एकदम स्तब्ध झाली.

"ह्या बारीक बारीक? चांदन्या सांडल्यावानी?"

"त्याच. तुझ्या डोक्यातही अशाच आहेत."

"तवा काय करू रायल्या व्हत्या त्या?"

"सुजल्या होत्या. जाळायला साखर होती, पण ती जाळता येत नव्हती. तरी दुसऱ्या पेशींना जमेल तेवढं पुरवत राहिल्या असणार. त्यांचं कामच ते आहे."

ती पाहत राहिली. खाली कुठंतरी घंटा झाली, मुलं वर्गांतून बाहेर पडली, जिन्यात पावलं वाजली. तिनं डोळा काढला नाही.

"त्यायले कोनी इचारतच नसंन," ती अगदी हळू म्हणाली, "जेवल्या का म्हनून."

इतकी वर्षं मी हा विषय शिकवला, पण ग्लायल पेशींविषयी असं कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कुसुम उठली, मुलीला स्टुलावर उभं केलं आणि स्वतःच्या तळव्यानं तिचा एक डोळा झाकला.

"पाह्य," ती म्हणाली, "गलका नको करू. काम चालू हाये त्यायचं."